वाचून दाखवलं, समजलं, मान्य

न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्ही वादीतर्फे ना?" आणि मला आठवेना.

प्रश्न अगदी साधा. सव्वीस वर्षं कोल्हापूरच्या कोर्टात दिवाणी दावे चालवणाऱ्या बाईनं झोपेतसुद्धा उत्तर द्यावं असा. हातात फाईल होती, अंगावर काळा कोट होता, समोरचे वकील उभे होते, आणि मी कुणाच्या बाजूनं उभी आहे तेवढंच डोक्यातून गेलेलं. फाईल उघडून बघावं, तेही सुचेना. न्यायाधीश वयानं माझ्यापेक्षा लहान. त्यांनी काय ओळखलं कोण जाणे, "पुढची तारीख घेऊया," म्हणाले. मी मान हलवली आणि बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसले. मला रडू येत होतं, आणि रडू येतंय म्हणून स्वतःचाच रागही येत होता.

राग माझा जुना सोबती. माहेरी म्हणायचे, हिच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो. वकिलीत त्याचा उपयोगही झाला. बाई म्हणून कुणी दाबायला आलं की मी असं काही बोलायचे की तो माणूस जन्मात परत त्या वाटेला जायचा नाही. पण त्या वर्षी माझा राग भलत्याच माणसांवर निघत होता. मलकापूरच्या एका म्हाताऱ्या पक्षकारानं "तारीख कधी हाय?" असं तिसऱ्यांदा विचारलं, तर मी भर ऑफिसात त्याच्यावर ओरडले. त्यानं पिशवी उचलली, टोपी नीट केली आणि गेला. पुढच्या तारखेला तो कोर्टात मागच्या बाकावर बसून राहिला, माझ्याकडे आला नाही. पाच वाजता मीच जाऊन त्याला पुढची तारीख सांगितली.

तेव्हाचा माझा दिवस सांगते. सकाळी आठला ऑफिस, अकराला कोर्ट, सहाला परत ऑफिस. मधल्या वेळात जेवण झालं तर झालं. कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं आणि सगळ्यांच्याच कामाला ऊत आला. वाटपाचे दावे, वहिवाटीचे दावे, मृत्युपत्रं, बक्षीसपत्रं, कैफियती. घाण्याला जुंपल्यासारखी मी फिरत होते. डॉक्टरांनी रक्तदाब बघून दंडाचा पट्टा सोडता सोडता सांगितलं, "वकीलबाई, सहा महिने कोर्टाचं तोंड बघू नका." मी म्हटलं, "आणि पक्षकार काय तुमच्याकडं पाठवू?" ते हसले. मी मात्र गंभीरपणे विचारलं होतं.

घरी नवरा बँकेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि त्याला नवा नाद लागला होता. मोबाईलवरच्या एआयशी तो तासन् तास बोलायचा. परसातल्या पेरूला अळी का पडते, फुलं का गळतात, खत कधी घालायचं. मी त्याची फार चेष्टा केली. बायकोशी बोलायला विषय उरले नाहीत म्हणून मशीनशी बोलतोस काय, असं विचारलं. तो शांत माणूस. म्हणाला, "तुला बोलायला वेळ कुठाय? आणि हा माझा पेरू बघतोय, तुझे मसुदे का लिहिणार नाही?"

"हात्तिच्या! पेरू आणि दावा एकच काय?"

"बघ तर एकदा. नाही जमलं तर शिव्या घाल त्याला. मला तरी सुट्टी मिळेल."

मी बघितलं. माझे जुने मसुदे काढले, त्यातली माणसांची नावं, गावं, गट नंबर सगळं खोडलं, आणि ते त्याच्यापुढं टाकले. पक्षकाराचं नाव परक्याच्या कानावर घालायचं नाही, मग तो परका माणूस असो नाहीतर मशीन असो, एवढी अक्कल शाबूत होती. म्हटलं, ही माझी लिहायची पद्धत, असं लिही. आणि त्यानं लिहिलं की हो! हुबेहूब माझी भाषा. 'सबब', 'येणेप्रमाणे', 'तहहयात', सगळं जिथल्या तिथं. तासाचं काम दहा मिनिटांत. मी खुर्चीत मागं टेकून बसले. किती दिवसांनी टेकले होते देव जाणे.

सगळंच काही गोड नव्हतं. एकदा त्यानं मला वरच्या कोर्टाचा एक निवाडा काढून दिला, पान क्रमांकासकट. वाचून जीव सुखावला. अगदी आमच्या दाव्यासाठीच दिल्यासारखा निकाल. मी पुस्तकं उलटीपालटी केली, तर असा निवाडाच नाही. त्याला झापलं, तर किती नम्रपणे माफी मागितली म्हणून सांगू! आणि लगेच दुसरा तसलाच काढून दिला. चूक कबूल करायची आणि परत तीच करायची, या बाबतीत तो आमच्या बाररूममधल्या काही जणांच्या बराच पुढं होता. तेव्हापासून निवाडे मी स्वतः शोधते, त्याच्याकडून फक्त मसुदे आणि मोठ्या फाईलींतल्या घटनांची तारीखवार यादी एवढंच करून घेते, आणि तेही ओळ न् ओळ तपासते.

पण खरी चूक माझीच झाली. दिवसाचे दोन तास मोकळे झाले आणि मी काय केलं? आणखी कामं घेतली. आधी नाही म्हणून परत पाठवलेले लोक बोलावून घेतले. चार महिन्यांत मी होते त्याहून जास्त दमले. आगीतून फुफाट्यात. एके रविवारी नवऱ्यानं ताट वाढलं आणि मी ताटावर बसून फोनवर कुणाला तरी मुदत अर्ज समजावत होते. त्यानं माझं संपूर्ण बोलणं होऊ दिलं, मग विचारलं, "अगं, ते दोन तास उरायचे होते, ते गेले कुठं?" मी फोन पालथा ठेवला. भाकरी गार झाली होती. त्यानं ती परत तव्यावर टाकली.

त्या रविवारी बसून मी एक गोष्ट ठरवली. आमच्या प्रत्येक दस्ताच्या शेवटी एक ओळ असते: 'सदरचा दस्त वाचून दाखविला, समजला, मान्य आहे.' त्याखाली सही. ही ओळ मी हजारदा लिहिली असेल. आणि वाचून किती वेळा दाखवला? खरं सांगायचं तर पहिली दोन-तीन वर्षं. नंतर, "काकू, ह्यात तुमच्या जमिनीचं लिहिलंय, इथं सही करा," एवढ्यावर काम भागायला लागलं. काकू सही करायच्या. आता ठरवलं की मशीननं जो वेळ सोडवून दिला, तो ह्यात घालायचा. जो सही करणार त्याला समोर बसवायचं, बाकीच्यांना बाहेर पाठवायचं, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं मोठ्यानं वाचायचं. नवीन काम त्यात बसलं तर घ्यायचं, नाहीतर हात जोडायचे. पहिल्या आठवड्यात पक्षकारांना वाटलं बाईंना काहीतरी झालंय. पण माझा आवाज खाली आला. मोठ्यानं वाचताना ओरडता येत नाही, हे मला पन्नाशीनंतर कळलं.

अशातच नेसरीकडचा एक शेतकरी आला. पन्नाशी ओलांडलेला, पांढरा शर्ट, बोलणं खणखणीत. वडील मागंच गेलेले, आई गेल्या श्रावणात गेली. वारस दोघंच, तो आणि त्याची थोरली बहीण. शेतात विहीर काढायची होती, तर सातबाराचा उतारा एकट्याच्या नावावर असलेला बरा, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. म्हणजे बहिणीचं हक्कसोडपत्र. बहिणीनं आपला हिस्सा भावाला सोडून द्यायचा. आमच्याकडं हे इतकं नेहमीचं की त्याचं कुणाला काही वाटत नाही. बहीण सही करते, भाऊ साडी नेसवतो, दिवाळीला बोलावतो. सही नाही केली तर माहेरचा उंबरा बंद होईल, ही भीती कुणी बोलून दाखवत नाही, पण ती असतेच. आणि आमची कामाची रीतसुद्धा तशीच. माहिती सगळी भाऊ देतो, बहीण फक्त सहीच्या दिवशी येते.

"आक्काची तयारी आहे का?" मी विचारलं.

"तयारी नसायला काय झालंय! सख्खी भन हाय माझी. तुम्ही कागद करा की."

मी मसुदा करून घेतला. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा माझ्या हातानं भरल्या, उताऱ्याशी तीनदा ताडून बघितल्या. चोख. मंगळवारी कोर्टात माझी तारीख नव्हती, म्हणून दस्त नोंदवायला दुपारी बाराची दुय्यम निबंधकाकडची वेळ घेतली.

मंगळवारी साडेदहाला दोघं आली. आक्का पेठ वडगावला दिलेली, साठीची, काटक बाई. सुती नऊवारी, डोक्यावर पदर, पायात साध्या चपला. भावाच्या हातात कापडाच्या दुकानाची पिशवी, तीत साडी असणार. मी त्याला म्हटलं, "तुम्ही जरा बाहेर बसा."

"आमच्यात काय चोरून बोलायचं हाय बाई?"

"चोरून काही नाही. माझी पद्धत आहे. चहा सांगते, बसा."

तो कुरकुरत गेला. मी दार लोटलं आणि वाचायला लागले. आक्का हात मांडीवर ठेवून ऐकत होती. प्रत्येक वाक्याला मान डोलवायची. लिहून देणार म्हणजे तुम्ही, लिहून घेणार म्हणजे तुमचे भाऊ, असं सांगत मी सावकाश चालले होते. चतुःसीमा वाचल्या तेव्हा ती म्हणाली, "उगवतीला ओढा हाय, बराबर." पुढं मी वाचलं, "लिहून देणार यांच्या मातोश्रींचा वृद्धापकाळी सांभाळ, औषधपाणी व सेवाशुश्रूषा लिहून घेणार यांनी केलेली असून, त्या प्रेमापोटी लिहून देणार आपला हिस्सा स्वखुशीने..."

मान डोलायची थांबली.

"थांबा बाई. हे परत वाचा."

मी परत वाचलं.

"लिहून घेनार म्हंजे त्यो?"

"होय. तुमचे भाऊ."

आक्कानं मांडीवरचे हात उचलले. तिनं पदर डोक्यावरून जरा पुढं ओढला. मग म्हणाली, "आई माझ्याकडं हुती. सहा वर्सं. अंगावरनं वारं गेल्यालं तिच्या, एक बाजू पार लुळी. खायला घालायचं, धुवायचं, कूस बदलायची, समदं मी आन् माझ्या मालकानं केलं. मालक गेलं, मग एकटीनं केलं. त्यो आला न्हाय."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. माझी मात्र कानशिलं तापली. आधी भावाचा राग आला, कसला खोटारडा माणूस! मग आठवलं, त्यानं हे मला सांगितलंच नव्हतं. आईचा विषयच काढला नव्हता त्यानं. मग मशीनचा राग आला, ह्याला कुणी सांगितलं होतं हे घालायला? आणि मग कळलं. मीच सांगितलं होतं. मी त्याच्यापुढं टाकलेल्या प्रत्येक जुन्या हक्कसोडपत्रात हे वाक्य होतं. भावानं आईबापाचं केलं, म्हणून बहीण सोडते. कुणी शिकवलं होतं आठवत नाही, पण पहिल्यापासून मी ते घालत आले. शोभतं म्हणून. कुठल्याही बहिणीला विचारलं नाही की बाई, आईचं कुणी केलं? आणि परवा मसुदा तपासताना डोळे त्या वाक्यावरून सरळ पुढं गेले होते, कारण ते माझंच होतं. मला लाज वाटली. खरंच वाटली.

"आक्का, चूक माझी आहे," मी म्हटलं. "भावानं हे सांगितलेलं नाही. मी घातलंय. हिस्सा सोडायचा नसेल तर आत्ता सांगा, कुणी तुम्हाला जबरदस्ती करू शकत नाही."

"जमीन घिऊ दे की त्याला. मला कुठं कसायची हाय? पोरगं माझं नोकरीत हाय. पर हे असलं लिवलेल्या कागदाखाली मी सही कशी करू? आई वरनं बघंल की."

"मग काय लिहू?"

"जे झालं त्ये लिवा. अग्नी त्यानं दिला, त्ये बी लिवा. त्ये खरं हाय."

हे मी मशीनला सांगितलं नाही. स्वतः टाईप केलं. 'लिहून देणार यांच्या मातोश्री शेवटची सहा वर्षे अर्धांगवायूने अंथरुणावर होत्या. त्यांचा सांभाळ, औषधपाणी व सेवा लिहून देणार यांनी आपल्या घरी केली. अंत्यविधी लिहून घेणार यांनी केला.' आक्काला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आता बराबर."

मग भावाला आत बोलावलं आणि त्याच्यापुढं तेवढा भाग वाचला. वाचून होईपर्यंत तो उभाच होता.

"हे कशापायी लिवलं?"

"खरं नाही का?"

तो खाली फरशीकडं बघायला लागला. "खरं हाय की. न्हाय कोन म्हनतंय? पर लिवायचं कशाला? उद्या ह्यो कागद तलाठ्याकडं जानार, भावकी बघनार, पोरं बघनार माझी. आक्का, काढायला सांग की त्ये."

"सही करायची तर ह्याच कागदावर," आक्का म्हणाली.

"अगं बाराची येळ हाय आपली!"

"असूंदे."

तो खुर्चीत बसला, परत उठला. खिडकीपाशी गेला. पिशवी टेबलावर ठेवली, परत हातात घेतली. मी पेन बंद करून ठेवलं. एरवी अशा वेळी मी चार कायद्याच्या गोष्टी सुनावून गाडी पुढं ढकलली असती. घड्याळात अकरा वीस झाले होते आणि मला कुठंही पळायचं नव्हतं.

"मग तुझा हिस्सा ऱ्हाऊ दे," तो एकदम म्हणाला. पाठ आमच्याकडंच होती. "अर्धी जमीन तुझ्या नावावर ऱ्हाऊ दे. खरंच. पर हे लिवू नगं आक्का."

जमिनीच्या तुकड्यासाठी लोक काय वाटेल ते लिहून देतात, हे मी सव्वीस वर्षं बघत आले. तीन ओळी लिहू नयेत म्हणून अर्धी जमीन सोडणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

आक्कानं त्याच्या पाठीकडं बघितलं. "लाज वाटतीया व्हय रं?"

"व्हय."

"मग एकदा तरी का न्हाय आलास?"

"तिला तसलं बघवत नव्हतं मला. येतो येतो म्हनत ऱ्हायलो. मग लईच दिस झालं, आन् मग यायलाच त्वांड ऱ्हायलं न्हाय."

आक्कानं एक मोठा श्वास सोडला. मला म्हणाली, "काढा बाई त्ये."

"ते वाक्य काढू?"

"समदंच काढा. त्यानं मानलं न्हवं? मला तेवढंच पायजे हुतं. हिस्सा ऱ्हाऊ दे माझा. हिरीला माझी संमती लागंल ती दिईन की."

"अहो, मग हक्कसोडपत्रच उरत नाही," मी म्हटलं.

"मग नगं कागद."

मी निबंधक कार्यालयात फोन करून बाराची वेळ सोडून दिली. विहिरीच्या संमतीचा अर्ज पुढच्या आठवड्यात करू, असं दोघांना सांगितलं. दोघं उठली. जाताना त्यानं मला नमस्कार केला, पण माझ्याकडं बघितलं नाही. मी दारापर्यंत गेले. आक्का गुडघे धरत पुढं जिना उतरत होती, तो तिच्यामागं.

"आक्का," तो जिन्यातच म्हणाला, "आई माझी आठवन काढायची का गं?"

"रोज. दिवं लागायच्या टायमाला इचारायची, आला का म्हनून."

तो तिथंच पायरीवर बसला. आक्का दोन पायऱ्या खाली गेली होती. ती गुडघ्यावर हात ठेवत परत वर आली आणि त्याच्या शेजारी बसली.